पाताळगंगा वाचवा

गुरुशांतला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे कुणी ‘जाऊ दे गं, त्याचा हेतू चांगला होता’ म्हणायला नको. चांगल्या हेतूच्या माणसांनी माझं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं दुश्मनांनीही केलेलं नाही.

होटगी रोडला नवलनगरी आहे, थीम पार्क. आकाशपाळणा, उलटा फिरणारा ड्रॅगन, भूतबंगला, आणि सगळ्यात जुनी राइड म्हणजे पाताळगंगा. सिमेंटच्या कालव्यातून होडी संथ जाते. दोन्ही बाजूंना फायबरचे राक्षस, मध्ये नागराज, आणि शेवटच्या वळणावर एक काळा गोल खडक, ज्याच्या डोक्यातून कारंजं उडतं. खडकही फायबरचाच. नागराजाचा फणा अडकत अडकत डोलतो, एका राक्षसाचा जबडा मिटतच नाही. बघण्यासारखं त्यात फारसं काही नाही, हे मीही मान्य करते.

पण ती होडी काठाशी येऊन थांबते, आणि काठ आणि होडीची बैठक एका पातळीत आहे. माझे पाय लहानपणापासून काम करत नाहीत. गेटवरची चाकाची खुर्ची मी काठाला लावते, हातांवर जोर देते आणि सरकून होडीत बसते. मदतीला कुणाला हाक मारावी लागत नाही. बाकी सगळीकडे पायऱ्या. तिथे एक तर ‘ताई, तुम्हाला नाही जमणार’, नाही तर न विचारता दोघे जण काखेत हात घालून मला पोत्यासारखं उचलतात आणि वर पुण्य मिळाल्यासारखं हसतात. मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळते, माझ्या हाताखाली माणसं आहेत. पोतं कसं उचलतात ते मला चांगलं माहीत आहे.

तर या नवलनगरीच्या चाहत्यांचा आमचा एक ग्रुप आहे, ‘नवलनगरी प्रेमी मंडळ’. गुरुशांत त्याचा अ‍ॅडमिन. उन्हाळ्याच्या तोंडावर पार्कने जाहीर केलं की पाताळगंगा काढणार आणि तिथे स्नो वर्ल्ड करणार. झालं, ग्रुपवर आग लागली.

“पाताळगंगा म्हणजे आपलं बालपण हाय,” गुरुशांतने लिहिलं. “हात लावून दाखवा.”

“तुमचं बालपण गंजलंय,” सोनमने उत्तर दिलं. ती कॉलेजात शिकते आणि तिची जीभ सुरीसारखी आहे. “चव्वेचाळीस डिग्रीत सोलापूरकराला बर्फ मिळायलाय, अन् तुमी त्या फुटक्या राक्षसासाठी रडायलाय.”

मग एकमेकांच्या शाळा निघाल्या, बापाचे धंदे निघाले. एकाने ग्रुप सोडला आणि जेवायच्या आत परत आला. मीही कमी नव्हते. बर्फवाल्यांना मी जे लिहिलं ते आईने वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. शेवटी ठरलं की रविवारी पार्कच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसायचं आणि मॅनेजरलाही बोलवायचं.

मॅनेजर शहाजीराव आले. पोट आधी आलं, मग ते आले. “राइडचं मेन्टेनन्स परवडत नाही,” त्यांनी सांगितलं. “पार्ट मिळत नाहीत.” गुरुशांत टेबलावर हात आपटून बालपण, संस्कृती, सोलापूरची अस्मिता असं सगळं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, “त्या स्नो वर्ल्डला पायऱ्या किती?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शहाजीरावांनी कागद उलगडला. डिझाइनमध्ये दारात उंच चौथरा होता. मी म्हटलं, “हाच काठ ठेवा. जमिनीच्या पातळीत दार करा, आत उतार द्या. एवढं करा, मग पाताळगंगा काढा नाही तर समुद्र आणा, माझी हरकत नाही.” त्यांनी थोडा विचार केला. “काठ तयारच आहे. तोडायचा खर्च वाचतो की,” असं म्हणून त्यांनी पेन काढलं आणि कागदावर चौथऱ्यावर काट मारली. माझ्या डोळ्यांसमोर मारली.

मला इतका आनंद झाला की सोनमला मी तिथेच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली. तीही म्हणाली, “दीदी, तुझ्यामुळं माझी आजी पण येईल आता.” तिच्याशी भांडल्याचं मला वाईट वाटलं.

गुरुशांत मात्र फणफणला. “चैताली, तू फितूर झालीस.”

“मला आत जायचंय, गुरुशांत. कुठल्या राइडमध्ये त्याच्याशी मला देणंघेणं नाही.”

“एका माणसासाठी पार्क असतंय व्हय? सगळ्यांच्या भावनेचा प्रश्न हाय हा.”

एका माणसासाठी. हे त्याने कँटीनभर ऐकू जाईल असं म्हटलं आणि मंडळातले सगळे आपापला चहा प्यायला लागले.

पुढच्या रविवारी तो गोडीत आला. “चल, एक शेवटची फेरी मारू. रुसवा सोड.” मी गेले, मूर्ख. होडीत आम्ही दोघंच होतो. शेवटच्या वळणावर होडी नेहमीप्रमाणे कारंज्यासाठी थांबली. त्याने खिशातून पुडी काढली. तेलात कालवलेला शेंदूर होता. त्याने तो त्या खडकाला पंजाने फासला, वरून चांदीचे दोन डोळे चिकटवले आणि हात जोडून फोटो काढला.

“काय करायलास तू हे?”

“आता बघू कोण जेसीबी लावतंय,” तो हसून म्हणाला. “शेंदूर लागला की देव झाला. सोलापुरात देवाला हात लावायची कुणाची छाती न्हाय.”

“अरे, फायबर आहे ते! लोकांना फसवतोस तू.”

त्यावर त्याने हात पुसत म्हटलं, “तुमच्यात हे नसतं. तू यात बोलू नको.”

तुमच्यात. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, शेंदूर नाही, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या घरी बसून आईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस. इतके दिवस ‘आपलं’ बालपण होतं, ‘आपली’ पाताळगंगा होती, आणि एका क्षणात मी ‘तुमच्यात’ झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काठावर उतरताना त्याने पुढे केलेल्या हातावर मी फटका मारला.

फोटो फिरला. ‘पाताळात प्रकटला देव’ असं कुणीतरी खाली लिहिलं. आठवड्यात होडीला रांग लागली. बायका ओटी घेऊन यायच्या, होडीतून हात लांब करून खडकाला हळदकुंकू लावायच्या. मी शहाजीरावांना गाठून सगळं सांगितलं.

“मॅडम, तो खडक आमीच बसवलाय. मला म्हाईत न्हाय होय?” ते हळू आवाजात म्हणाले. “पण गर्दी बघितली का?” त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

त्या गर्दीतच मला केराबाई भेटल्या. सांगोल्याकडच्या, मेंढरंवाल्या, सत्तरीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा टेम्पोतून आणायचा. होडीत त्या माझ्या शेजारी बसल्या, कारण मी बसते तसं सरकत त्यांनाही बसता आलं. खडकाजवळ होडी थांबली की त्या भंडारा उधळायच्या, पुढे वाकून कपाळ टेकवायच्या. “मेंढरावर रोग आलता,” त्यांनी मला सांगितलं. “ह्याला बोलले, अन् उतार पडला बगा.”  गुरुशांतचा राग या म्हातारीवर काढण्याइतकी मी वाईट नाही. मी म्हटलं, “बरं झालं.” पुढचे दोन-तीन रविवार आम्ही एकाच होडीत बसलो. त्या मला शेरडांच्या गोष्टी सांगायच्या, मी त्यांना कारखान्यातल्या.

मग पार्कचा निर्णय आला. देवाची जागा पवित्र असल्यामुळे तिथे स्नो वर्ल्ड होणार नाही. कालवा बुजवून देऊळ बांधणार, चांगल्या उंच जोत्यावर. स्नो वर्ल्ड कँटीनच्या माडीवर जाणार. लिफ्ट? ‘पुढच्या टप्प्यात बघू.’

म्हणजे पाताळगंगाही गेली आणि पातळीतलं दारही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही माझ्या हाती नाही, उंच जोत्यावर. मी पार्कच्या ऑफिसात जाऊन भांडले. शहाजीरावांना काट मारलेल्या कागदाची आठवण करून दिली. ते म्हणाले, “ते डिझाइनच रद्द झालं, मॅडम. आता लोकांची भावना हाय.” मंडळाने मात्र पेढे वाटले. “आपण जिंकलो! बर्फ हटवला!” गुरुशांतने लिहिलं. खाली सगळ्यांनी हात जोडले. मी लिहिलं, “तुम्ही ज्या राइडसाठी भांडलात, ती कुठे आहे?”  गुरुशांतने मला ग्रुपमधून काढलं.

देवळाच्या उद्घाटनाला मी गेले. न जाऊन कसं चालेल? मला त्यांच्या तोंडावर जायचं होतं.

जिथे कालवा होता तिथे गुळगुळीत फरशी होती आणि त्यावर संगमरवरी पायऱ्यांची अरुंद रांग. वर, लांब, झेंडूच्या माळांत तो खडक. कारंजं बंद केलेलं. मंडळाचे सगळे नवे शर्ट घालून वर उभे होते. गुरुशांत निळ्या शर्टात प्रसाद वाटत होता. खाली माणसांची रांग सरकत होती आणि पायऱ्यांच्या कडेला, काठीवर हनुवटी टेकून, केराबाई बसल्या होत्या.

“बाई, तुमी बी हितंच?” त्या म्हणाल्या.

“कशी जाणार मी वर?”

“व्हय की. मला बी कुटं जमतंय. पोरगं म्हनलं, खालनंच हात जोड.” त्यांच्या मुठीत भंडारा होता. “हुडीत बसल्यावर हात पुरत हुता. कपाळ टेकत हुतं. आता द्येव तितं अन् मी हितं. ह्याला वर न्यायचं कुनाच्या डोस्क्यातनं आलं?”

तोंडाशी आलं होतं माझ्या. फायबर, पुडी, चांदीचे डोळे, सगळं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्यात गुरुशांतचं काय गेलं असतं? हिचं गेलं असतं. हिच्यासाठी तो देव होता आणि हिच्यापासून तो हिरावून घेतला होता, जशी माझ्यापासून होडी घेतली होती. मी बोट दाखवलं. “तो निळ्या शर्टातला. त्याला विचारा.”

मेंढरामागे आयुष्य गेलेल्या बाईची हाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

“ए निळ्या! खाली ये!”

रांग थबकली. गुरुशांत गडबडीने उतरला. मला बघून जरा बिचकला, पण हातात प्रसाद होता, चारचौघं बघत होते, त्यामुळे चेहऱ्यावर तेच पुण्य मिळाल्याचं हसू आलं. “आजी, दर्शन घ्यायचंय व्हय? चला की, आमी उचलून नेतो. चैताली, तुला पण. ए पोरांनो, या रे दोघं.”

तो खाली वाकला आणि त्याने केराबाईंच्या काखेत हात घातला. त्यांनी काठी उगारली.

“हात काड! उचलायला मी मेलीया व्हय?”

गुरुशांत मागे सरला. प्रसादाचा द्रोण सांडला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी तरी काही समजावीन म्हणून.

“जा, शहाजीरावांना बोलावून आण,” मी म्हटलं. “येताना उतार कधी बांधणार ते ठरवून यायला सांग. तोवर कुणी वर जाणार नाही.”

“चैताली, तमाशा नको. लोकं बघायलेत.”

मी खुर्ची पहिल्या पायरीला आडवी लावली आणि ब्रेक ओढला. उरलेल्या जागेत केराबाईंनी बसल्या बसल्या काठी आडवी धरली. मागून रांग ओरडायला लागली, कुणी शिवी दिली, कुणी देवाची शपथ घातली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.