श्रोत्यांच्या रांगेत बाबा

रीमा हे नाव ऐकून दीपाला पहिल्या दिवशी वाटलं होतं, चला, ऑफिसात कुणीतरी आपलं भेटलं. "तुम्ही पुण्याच्या का?" असं तिनं सरळ मराठीत विचारलंही. बाई निघाल्या बैरुतच्या. वॉशिंग्टनमधल्या त्या अरबी रेडिओवर रीमा तरुण पोरांसाठी कार्यक्रम करायची. एक अरबी गाणं, एक इंग्रजी गाणं, मध्येच चटकन बातम्या आणि रोज एक प्रश्न. अम्मानपासून बगदादपर्यंतची पोरं स्टेशनच्या लाइनवर फोन करून त्या प्रश्नाची उत्तरं रेकॉर्ड करत.

नागपूरच्या दीपाला अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचं काम कॉम्प्युटरवरचं. स्टेशनला धाक एकच होता, रेडिओवर शांतता जाता कामा नये. जरा गप्प बसलं की तरुण श्रोता बटण फिरवतो, असं साहेबांचं ठाम मत. पोरं तर बोलताना अडखळत, उसासे टाकत, मध्येच गप्प होत. दीपानं लिहिलेला प्रोग्रॅम तेवढ्या जागा कापायचा, तुकडे जोडायचा आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचा. साहेब खूश होते, दीपाही होती.

मे महिन्यात तिचे बाबा गेले. व्हिसाचे कागद अडकलेले होते, अमेरिका सोडली असती तर परत येता आलं नसतं. भावानं, प्रसन्ननं, सगळं केलं. दीपा वॉशिंग्टनजवळ, हर्नडनच्या अपार्टमेंटमध्ये रडू येण्याची वाट पाहत बसली. ते आलं नाही. ओळखीच्या काकू-मावश्यांनी डबे आणले, तिनं ते घासूनपुसून परत केले आणि कामावर जायला लागली. आत काही हलतच नव्हतं. त्याची लाज वाटावी, तर तीही वाटत नव्हती.

बाबांचा शेवटचा निरोप तेवढा घरच्या आन्सरिंग मशीनवर होता. ती ऑफिसात असताना आलेला. ते असताना तिनं तो घाईत अर्धवट ऐकला होता, नंतर धीर झाला नाही. आई दर शनिवारी फोनवर म्हणायची, "मला ऐकव ना गं त्यांचा आवाज." आणि दीपा म्हणायची, "पुढच्या शनिवारी नक्की."

मशीन जुनं, केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. एका सकाळी तिनं ऑफिसची, श्रोत्यांचे निरोप रेकॉर्ड करणारी लाइन लावली आणि रिसीव्हर मशीनला टेकवून निरोप तिकडे भरला.

"मेमरी फुल दाखवतंय यार," शंतनू, तिचा नवरा, म्हणाला. "बाबांचा मेसेज ठेवू ना?"

"डिलीट कर. ऑफिसात सेव्ह केलाय."

स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम माणूस विसरतो कसा, असं कुणीही विचारेल. विसरतो. डोकं ठिकाणावर नसलं की माणूस हातातली किल्ली घरभर शोधतो.

दुपारी रीमा तिच्या टेबलाशी आली. "आजच्या निरोपांमध्ये कुणीतरी आहे, तो अरबी बोलत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "तुझं नाव घेतोय. फार घाईत दिसतो."

दीपानं हेडफोन लावला.

"दीपा मी बोलतोय काही नाही सहज केला होता ऊन फार आहे इकडे तू जेवली का बरं ठेवतो."

बाबा जन्मात असे बोलले नव्हते. एक वाक्य झालं की ते थांबायचे, दुसरं जणू आतल्या खोलीतून आणायला गेलेत इतके थांबायचे. लहानपणी दीपा चिडायची, बोला ना पुढे! आता तिनंच त्यांना धाप लागेल असं बोलायला लावलं होतं. तिनं सगळा सर्व्हर धुंडाळला. मूळ रेकॉर्डिंग नव्हतं. प्रोग्रॅम कामाला चोख होता.

"कोण आहे?" रीमानं विचारलं.

"वडील. गेले मागच्या महिन्यात."

रीमा खुर्ची ओढून शेजारी बसली. मग बातम्यांची वेळ झाली आणि तिला उठावं लागलं.

शनिवारी दीपानं लॅपटॉप फोनजवळ ठेवला आणि आईला निरोप ऐकवला.

"आवाज त्यांचाच आहे," आई म्हणाली. "पण असे कुठे बोलत होते ते?"

दीपानं सगळं सांगितलं, प्रोग्रॅमसकट. मूळ आता कुठेच नाही, हेही. आता आई रागावेल, याची ती वाट पाहत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"परत लाव," आई म्हणाली. "मी सांगीन तिथे थांबव."

"दीपा मी बोलतोय."

"थांबव. इथे फोनवर हात ठेवून मला म्हणाले, मशीन आहे, बोलू का? मी मान हलवली. हं, लाव."

"ऊन फार आहे इकडे."

"इथे मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले. माझ्याकडे पाहत बसले. लाव."

"तू जेवली का."

दीपानं बटण दाबून आवाज थांबवला.

"आई, इथे?"

"इथे खूप वेळ थांबले. मी म्हटलं, अहो, मशीन कसं उत्तर देईल? तर पुन्हा फोनवर हात ठेवून म्हणाले, मशीन नाही देणार. पण दीपा ऐकेल तेव्हा तिला बोलायला जागा नको का?"

दीपाचं बोट बटणावर तसंच राहिलं. डोळे कोरडेच होते. पलीकडे आई श्वास घेताना ऐकू येत होती.

"हो बाबा," दीपा म्हणाली. "जेवली."

मग तिनं बटण दाबलं.

"बरं, ठेवतो."