क्रीलच्या पलीकडचा माणूस

“राजेसाब, सोडू का?”

असे ओरडले ना ते काका, माझ्या हातातला फॉर्मच खाली पडला. श्रावणी, हसू नकोस, आधी ऐक तर! माझा एमबीएचा प्रोजेक्ट, ‘कामाच्या ठिकाणची आध्यात्मिकता’. एमआयडीसीतली टॉवेलची फॅक्टरी, चाळीस कामगार, चाळीस फॉर्म, उत्तरं एक ते पाच आकड्यांत. दोन दिवसांत उरकायचं, बास, असं ठरवून गेले होते मी.

तर हे शिवलिंगप्पा काका. सत्तावीस वर्षं वार्पिंगचं मशीन चालवतात. म्हणजे कसं, एका टोकाला क्रील असतं, भिंतीएवढी उंच लोखंडी मांडणी, तिच्यावर सुताचे पाचशे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं. ते पाचशे धागे एकदम ओढले जाऊन पार दुसऱ्या टोकाला ड्रमवर गुंडाळले जातात. काका असतात ड्रमपाशी. क्रीलच्या मागं कोण उभंय, ते त्यांना दिसतच नाही.

हाक मारली, मान तिरकी करून थांबले, मग ‘बरं’ म्हटल्यासारखी मान हलवली आणि बटण दाबलं. मी क्रीलच्या मागं जाऊन बघून आले. कोणीच नव्हतं गं.

“काका, राजेसाब कुठायत?”

“वारला की. दोन वर्सं झाली.” चहाला गेलाय म्हणावं इतकं सहज.

राजेसाब क्रीलवर असायचे. तुटलेला धागा जोडायचा, रिकामा कोन बदलायचा. काकांनी विचारायचं, ‘सोडू का?’ पलीकडून राजेसाब ओरडणार, ‘हौ, छोड!’ की मग मशीन सुरू. राजेसाब घरी दखनी बोलणारे, काका कन्नड, आणि मधे हे मशीन. पहिल्याच वर्षी काकांनी एकदा घाईत, उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. राजेसाबचा हात धाग्यांत होता. दोन बोटं गेली.

“शिवी बी दिली न्हाय त्यानं,” काका म्हणाले. “दवाखान्यातनं आला आनि म्हनला, ‘पूछ को छोड रे, येड्या.’ इचारून सोड, येवडंच.”

आता क्रीलला सेन्सर आहेत. धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं. कोन लावणारे सकाळी कोन लावून जातात, बाकी दिवसभर मागं कोणी नसतं.

“मग हाक कशाला मारता?”

“विचारल्याबिगर कसं सोडायचं?”

“आणि उत्तर?”

“येतंय की. आल्याबिगर बटन दाबतो व्हय मी?”

मला वाटलं, सवय असणार. म्हणून मी मोबाईलवर वेळ मोजली. चार सेकंद. मग अकरा. मग सात. एकदा तर पूर्ण मिनिटभर थांबले, कपाळाला आठ्या, आणि मग एकदम हसून बटण! नुसती सवय असती तर वेळ सारखी आली नसती का? सांग ना! भर दुपारी काटा आला माझ्या अंगावर. शेजारी एवढे माग धडधडतायत आणि हा माणूस त्यातनं एक आवाज वेगळा काढतोय.

फॉर्मवर सातवा प्रश्न होता, ‘काम करताना मला कोणाची तरी सोबत जाणवते.’ किती आकडा टाकू, विचारलं.

“जाणवती काय? हाय. लिही की, हाय.”

आकड्यात बसेचना. मग मी रिपोर्टमध्ये सगळं सविस्तर लिहिलं. नावासकट. नावं घालायची नाहीत असं कॉलेजमध्ये शंभरदा बजावलं होतं, पण मला लई भारी वाटलं होतं ते. तिथंच माती खाल्ली.

फॅक्टरीतले एचआरचे सुबोध सर रिपोर्ट वाचून नुसते खूश. “मॅडम, हे सोनं आहे सोनं!” आठ दिवसांत आयकार्डवरचा राजेसाबचा फोटो मोठा करून भिंतीवर, वर हार. आणि नवीन नियम, शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक खात्यानं गेलेल्या सोबत्याला हाक मारायची. पहिली हाक काकांची. माग बंद, सगळी फॅक्टरी गोळा, मी पुढच्या रांगेत.

काका माईक घेईनात. “सर, मानसापुडं न्हाय बोलायचा तो. लाजाळू हुता.”

सगळे हसले. मागावरचा बिरुदेव ओरडला, “मारा की काका, व्हिडिओ चालू हाय!”

“राजेसाब... सोडू का?”

एवढी शांतता त्या शेडमध्ये कधी नसेल झाली. काका मान तिरकी करून थांबले. वीस सेकंद. चाळीस. मग सुबोध सरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. काकांची मान तिरकीच.

चार दिवसांनी सुपरवायझरचा फोन. “मॅडम, तुमीच समजवा आता. शिवलिंगप्पा हाक मारतोय आनि बसून ऱ्हातोय. पुडं मागांना सूत न्हाय.”

गेले. फोटो उतरवायला लावला. काही उपयोग नाही.

“काका, दाबा ना. मागं कोणी नाहीये.”

“असंच म्हनून दाबलं हुतं येकदा.”

मग मी काय केलं, सांगू? हळूच क्रीलच्या मागं जाऊन उभी राहिले. हाक आली. दोनच तर शब्द! माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि... दिसलं काही नाही, शप्पथ. पण मी कोणाची तरी जागा अडवून उभी आहे, आणि तो माणूस मुकाट, मी सरकायची वाट बघतोय, असं वाटलं. पळतच बाहेर आले.

शेवटी सुपरवायझरनं ड्रम बिरुदेवकडं दिला आणि काकांना क्रीलवर कोन लावायला टाकलं.

परवा मी माफी मागायला गेले. काका मागं कोन बदलत होते, हात धाग्यांत. बिरुदेवनं न विचारताच बटण दाबलं. पाचशे धागे एकदम ताठ! काकांनी हात कसाबसा मागं ओढला. बोटं एकदा बघितली. मग ड्रमकडं तोंड केलं आणि, कोणी काही विचारलेलं नसताना, घशाच्या शिरा ताणून ओरडले,

“हौ, छोड!”

मशीन तर केव्हाच सुरू झालं होतं.