तानूमाय

अंजनाने पहिल्या पानाचा वरचा चार बोटे भाग कात्रीने कापला. लेखकाच्या नावापत्त्याची ती पट्टी पाकिटात गेली, पाकीट कपाटात, आणि उरलेल्या लेखावर तिने तांबड्या शाईने सतरा हा आकडा घातला. त्रैमासिकाची ही रीतच होती. लेख कोणाचा हे परीक्षकांना कळू नये, परीक्षक कोण हे लेखकाला कळू नये. दोन्ही ठाऊक असे ते फक्त सहसंपादकाला. अक्षरावरूनही कोणी ओळखू नये म्हणून परीक्षकांचे अभिप्राय ती आपल्या हाताने उतरून लेखकाला धाडायची. बेळगावातल्या या दोन खोल्यांत, शाळेची नोकरी सांभाळून, नऊ वर्षे ती हेच करत आली होती.

सोमवार होता. सोमवारी तिचा उपास असे आणि दुपारी बारापर्यंत मौन. त्यामुळे तोंडून काही निघाले नाही. बोट मात्र दुसऱ्या पानावर एका ओवीपाशी थांबले.

लावणीच्या चिखलात पाय रुतला गं बाय,
दिवा लावून उंबऱ्यात वाट बघती तानूमाय.

बावीस पानांचा लेख या दुसऱ्या ओळीवर उभा होता. जांबोटीच्या रानात पूर्वी तानूमाय नावाची दिव्याची देवता होती, भाताची लावणी करणाऱ्या बायका तिला आळवत, पुढे मोठ्या देवांनी तिला गिळले, असे लेखकाचे म्हणणे. भाषा भारदस्त होती. अक्षर उजवीकडे कललेले होते. नावाची पट्टी वाचायची गरजच पडली नव्हती.

१९७२ साली डॉ. परशरामांच्या हाताखाली ती एम.ए. करत होती. खानापूरहून जांबोटीला बस कधी मिळे, कधी नाही. मे महिनाभर चालत जाऊन तिने म्हाताऱ्या अंबुबाईकडून ओव्या उतरून घेतल्या. तपासतो म्हणून सरांनी वही नेली, ती दोन महिन्यांनी परत दिली. वर्षाच्या आत त्यांचे पुस्तक निघाले. सगळ्या ओव्या त्यात होत्या, तिचे नाव नव्हते. तिने याच त्रैमासिकाकडे पाठवलेला लेख परत आला. सोबत अभिप्राय होता : ‘यातील साहित्य पूर्वप्रसिद्ध आहे. लेखिकेने दुसऱ्याच्या ताटातले उचलू नये.’ अक्षर तेव्हाच्या सहसंपादकांचे होते. पुढे कपाटाची किल्ली तिच्याकडे आली, त्याच दिवशी तिने ती फाइल काढून मूळ कागद पाहिला. त्यावरचे अक्षरही असेच उजवीकडे कललेले होते. फाइल तिने जागेवर ठेवली. कोणाला बोलली नाही.

सरांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. त्या ओवीची दुसरी ओळ अंबुबाईला आठवलीच नव्हती. उद्या सांगते म्हणाली, आणि मे संपायच्या आत तापाने गेली. जागा मोकळी बरी दिसेना म्हणून अंजनाने पेन्सिलीने आपल्या मनची ओळ जोडली. तानूबाई तिची आई. दुसऱ्यांच्या भातात राबणारी, आणि लेक जांबोटीहून परतेपर्यंत दिवा घेऊन उंबऱ्यात बसणारी. स्वतःच्या लेखात अंजनाने ही ओवी घेतली नव्हती.

दोन्ही परीक्षकांनी लेख उचलून धरला. तिने त्यांचे अभिप्राय कानामात्राही न बदलता उतरवले. खाली सहसंपादकाच्या अधिकारात एकच प्रश्न लिहिला : ‘ही ओवी कोणाकडून, कोठे, केव्हा मिळाली?’ पाकीट पेटीत टाकण्याआधी ती कपिलेश्वराच्या देवळात जाऊन आली. सरांनी खरे लिहिले तर लेख आपणच थांबवायचा, त्यांचे हसे होऊ द्यायचे नाही, असे तिने देवापुढे कबूल केले. कबूल करताना हात जोडलेले होते, दात आवळलेले.

त्या रविवारी ती जांबोटीच्या बसने जाऊन पंचायतीतून एक दाखला घेऊन आली. 

आठव्या दिवशी डॉ. परशराम स्वतःच उत्तर घेऊन आले. बरोबर मिठाईचा, कुंद्याचा पुडा. प्राध्यापकपदाची मुलाखत जवळ आली होती, लेख या अंकात यायला हवा होता, हे त्यांनी संपादक सत्याप्पा अण्णांना दोनदा सांगितले.

"ही माझीच विद्यार्थिनी बरं का," ते म्हणाले. "लई गरीब. वर्गात कधी तोंड उघडायची न्हाय."

"अजून बी सोमवारी उघडत न्हाय," अण्णा हसले. "आज बुधवार हाय म्हणून वाचला तुम्ही."

अंजनाने पत्र उघडले. अंबुबाई, जांबोटी. जुलै १९७२, ऐन लावणीत, शेताच्या बांधावर उभे राहून स्वतः ऐकली. खाली सही.

"दोन्ही ओळी, सर?" तिने हळूच विचारले.

"दोन्ही. तिचा आवाज अजून कानात आहे. तू नव्हतीस त्या वेळी."

तिने पत्राची घडी जशी होती तशी घातली.

"मग आक्का, दोघांचं मत आलंय," अण्णा म्हणाले. "तुमचं काय?"

खोटे बोलायचे नाही, हा तिचा नेम रोजचा होता. तिने पदर सारखा केला.

"छापावं, अण्णा. आणि सरांचं हे पत्र तळटीप म्हणून जसंच्या तसं घालावं. तारखेसकट."

विद्यार्थी असावेत तर असे, डॉ. परशराम म्हणाले, आणि कुंदा पुढे केला.

"आज चतुर्थी आहे, सर. देवापुढं ठेवते."

घरी दिवेलागणीला तिने कुंदा ठेवला तो आईच्या फोटोपुढे. ट्रंकेतून वही काढली. पेन्सिलीची ओळ फिकी झाली होती, पण वाचता येत होती. वहीत तिने पंचायतीचा दाखला ठेवला : अंबुबाई, मृत्यू २८ मे १९७२. मग पुढच्या अंकातल्या चर्चेच्या पानासाठी कोरा कागद घेतला आणि वर आधी आपले नाव लिहिले. चर्चेच्या पानावर नाव कापायची रीत नव्हती.

समईची वात पुढे सारून ती फोटोकडे बघत बसली.

"तीन महिने देवी हो, आई," ती म्हणाली. "मग घरला ये."