टक झालं की थांबायचं

"मी आवळलेला बोल्ट माझ्या परवानगीशिवाय सुटत नाही!" आतोबांनी स्टिअरिंगवर थाप मारली, आणि पुढच्याच वळणावर मागचं चाक फुस्स झालं.

शेजारी आत्या होती, मागे मी. आत्याला लायसन्सच्या परीक्षेला पोचायचं होतं. आधी तीनदा दांडी उडालेली. या खेपेला जमलं नाही तर गाडी विकून टाकणार, असं आतोबांनी जाहीर केलं होतं.

आतोबांनी परवानगी दिली, तरी बोल्ट सुटेना. बसवताना ते पान्यावर उभं राहून नाचले होते ना! त्यात गाडी आधीच जॅकवर चढवलेली, त्यामुळे पाना फिरवला की अख्खं चाकच गरगर फिरे.

"अहो, झोके कसले देताय त्याला? गाडी खाली घ्या आधी."

"अगं, हे ताकदीचं काम आहे!"

"ताकद दिसतेच आहे. व्हा बाजूला."

कपडे वाळत घालायला म्हणून आणलेला लोखंडी पाइप वर्षभर डिकीतच लोळत होता. आत्याने गाडी खाली टेकवली, पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि जोर दिला. कर्रर्र करत बोल्ट हलला. आतोबा म्हणाले, "मीच ढिला करून ठेवला होता."

मग काय तिचा हात चालला! पुन्हा जॅक लावून स्टेपनी चढवली. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवले, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. मग पाना. एक आवळला की शेजारच्याला हात नाही, थेट समोरचा. शेवटी गाडी खाली टेकवून पिशवीतून टॉर्क पाना काढला. वाढदिवसाला कानातल्यांऐवजी तिने तोच मागून घेतला होता. गाडीच्या पुस्तकातला आकडा त्यावर लावायचा. तेवढा जोर पडला की तो बोलतो.

"टक झालं की थांबायचं," आत्या म्हणाली. "उगीच अंगात आल्यासारखं करायचं नाही."

परीक्षेच्या मैदानावर उतरल्या उतरल्या तिने सगळे बोल्ट पुन्हा तपासले. "थोडं चालल्यावर बघावंच लागतं रे," मला म्हणाली. परीक्षा घेणारे साहेब टक लावून बघत होते.

"काकू, माझ्याही गाडीचं बघता का? कालच चाक बदललंय."

आत्याने पाना लावला. टक व्हायच्या आधी बोल्ट अर्धा फेरा फिरला. दुसराही, तिसराही. साहेबांना घाम फुटला. याच गाडीतून ते सकाळी मुलांना शाळेत सोडून आले होते. आत्याने एकेक बोल्ट शिस्तीत आवळून दिला.

"काकू, हात जोडले तुम्हाला!"

"माझ्याच हाताखाली तयार झालीये," आतोबा म्हणाले.

साहेबांनी बाकीची परीक्षा माफच केली. फक्त गाडी सरळ मागे घेऊन दाखवा, म्हणाले.

आत्याने घेतली. साहेब "थांबा, थांबा" ओरडले. ती धाड झाल्यावर थांबली.

आत्या चौथ्यांदा नापास झाली. साहेबांच्या गाडीचं दार आत गेलं होतं. चाक जागचं हललं नव्हतं.