नैऋत्येचा उतार

माणसाचे विचार त्याच्या डोक्यात नसतात, पायाखाली असतात, असे उत्तमराव मास्तर गंभीरपणे म्हणत. त्यांच्या स्वतःच्या पायाखाली त्रेचाळीस वर्षे शेण होते, दर शनिवारी ताजे.

हे सारवण त्यांची आई चंपाबाई करी. आधी लोकांच्या शेतात राबून, आणि मुलगा आंध्रातल्या बोथ गावच्या मराठी शाळेत मास्तर झाल्यावर नुसतेच सारवण करून तिचे गुडघे असे झाले होते की बसताना एक आवाज येई आणि उठताना दोन. त्यात मोतीबिंदूसाठी ती चार दिवस आदिलाबादच्या दवाखान्यात राहिली. तिथून येताना तिने नजर आणली आणि एक इच्छा आणली. तिथली सफाईवाली बाई म्हणे उभ्याउभ्या फरशीवर बादली ओतायची आणि पाणी आपल्या मनाने दाराबाहेर जायचे.

"वाकली नाई ते बाई, एक डावबी," चंपाबाई सांगे. "मले एकदा असं धुऊ दे, उत्तम. मंग मी काई मागत नाई."

म्हणून १९९३ च्या उन्हाळ्यात मास्तरांनी फरशी बसवायचे ठरवले.

आई, मास्तर आणि मास्तरांची बायको प्रयागबाई असे तिघे बसने आदिलाबादला गेले. चंपाबाईने पदराच्या गाठीत मूठभर तुरीची डाळ बांधून नेली होती. दुकानदाराने मोझॅकचा तुकडा दाखवला. तिने त्यावर डाळ टाकली आणि नव्या डोळ्याने वाकून पाहिले. डाळ दिसेना.

"सांडलेलं दिसत नाई, ते घर कशाचं?" तिने मोझॅक नापास केली. संगमरवरावर डाळ दिसली, पण तिथे पाय द्यावासा वाटत नाही, दुसऱ्याचे घर वाटते, म्हणून तोही गेला. राहिली तांडूरची शहाबादी. ती पिवळ्या आणि निळ्या रंगात होती. प्रयागबाईचा जीव पिवळीवर होता, पण पिवळीवर डाळ पुन्हा हरवली. मास्तरांनी निळी घेतली ती निळ्या झेंड्याच्या तत्त्वासाठी, चंपाबाईने घेतली ती डाळीसाठी. निळी म्हणजे दुकानात निळी. घरी येईपर्यंत ती राखाडी झाली होती.

बसवायला पोशट्टी मेस्त्री आला. बोथमधल्या अर्ध्या फरश्या त्याच्या हातच्या होत्या. त्याने चहा घेतला, चपला काढल्या, पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली आणि खोलीभर दोरी बांधली. दोरी दाराकडे तिरपी होती.

"हे अशी काऊन?" मास्तरांनी विचारले.

"पानी ईशान्य को जाना, सार. वास्तु है."

इथे मास्तरांचा चहा थांबला. त्या वर्षांत सगळीकडे वास्तूची साथ आली होती. लोक चांगले दरवाजे बुजवत आणि वाईट जागी नवे पाडत. शेजारच्या किराणा दुकानाच्या भगवंतरावांनी आपला जिना दोनदा उचलून दोन दिशांना ठेवला होता आणि सध्या ते शिडीने वर जात. मास्तरांनी शाळेत या विषयावर तीन भाषणे दिली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, आणि त्यांच्या समोर जमीन ईशान्येला झुकणार होती.

"वास्तू माह्या घरात चालत नाई," मास्तर म्हणाले.

"तो लेव्हल करू? एकदम सपाट?"

सपाटावर पाणी थांबते, हे मास्तरांना कळत होते. शिवाय सपाट म्हणजे तडजोड. ते शाळेतून भूगोलाच्या कपाटातले होकायंत्र घेऊन आले, खोलीच्या मधोमध ठेवले आणि ईशान्येच्या बरोबर समोरच्या कोपऱ्याकडे बोट केले.

"उतार तिकडं."

पोशट्टी त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. "सार, वो नैरुती है. उधर तो कोईच नक्को करते."

"म्हणूनच."

"पानी निकलता किधर से, सार?"

"भिंतीले भोक पाडू."

"भिंत के पीछे भगवंतराव का गोदाम है."

"भगवंतरावाले मी पाहून घेतो. तू दोरी बांध."

पोशट्टीने दोरी सोडली आणि उलटी बांधली. बांधताना तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी त्याचा अर्थ विचारला नाही.

दाराशी बसलेल्या चंपाबाईने एवढेच विचारले, "पानी भाईर जाईन ना, बापा?"

"जाईन, माय."

"घरात चारी कोपरे हायेत," प्रयागबाई आतून म्हणाली. "यायले नेमका थोच सापडला."

काम पाच दिवसांत झाले. काम चोख होते. पोशट्टीला जे पटत नसे तेही तो नीटच करी. सांध्यात सिमेंट भरून झाले, त्यावर आठ दिवस पाणी मारून झाले, आणि मास्तर भोकाची परवानगी मागायला भगवंतरावांकडे गेले.

भगवंतरावांनी त्यांना गादीवर बसवले, सोडा मागवला.

"तुमचं तत्त्व मले मान्य हाय, मास्तर," ते म्हणाले. "पन त्या भिंतीले माही साखर लागून हाय. बावीस पोते. तत्त्व साखरेत कसं घेऊ?"

"थोडंसंच पानी येईन."

"साखरेले थोडंसंच लागते."

मास्तर सोडा पिऊन परत आले.

रविवारी सकाळी चंपाबाईने धुतलेले लुगडे नेसले, बादली भरली आणि उंबऱ्यापाशी ताठ उभी राहिली. एवढ्यासाठी प्रयागबाई चूल सोडून आली होती. चंपाबाईने बादली ओतली. वाकली नाही. पाणी क्षणभर तिच्या पायांशी थांबले, मग दाराकडे पाठ करून निघाले. घाई न करता ते खोली ओलांडून नैऋत्येच्या कोपऱ्यात गेले, पुस्तकांच्या कपाटाखाली शिरले आणि तिथे राहिले.

चंपाबाईने बराच वेळ वाट पाहिली.

"आता थे भाईर कधी जाईन?"

मास्तरांनी घसा साफ केला. उतार बरोबर आहे, असे त्यांनी सांगितले. होकायंत्राने काढलेला आहे, असेही सांगितले.

"मी उतार नाई पुसला, बापा."

चंपाबाईने बादली खाली ठेवली, फडके घेतले आणि बसली. एक आवाज आला. कपाटाखाली हात घालून तिने पाणी टिपले, बादलीत पिळले, पुन्हा टिपले. उठताना दोन आवाज आले. बादली मास्तरांनी उचलली आणि बाहेर नेऊन रिकामी केली.

फरशी उखडून पुन्हा लावून देतो, मजुरी नको, असा निरोप पोशट्टीने दोनदा पाठवला. मास्तरांनी दोन्ही वेळा नाही म्हटले. तत्त्व एकदा सिमेंटमध्ये बसले होते. आता दर शनिवारी चंपाबाई बसून फरशी पुसते आणि मास्तर बादली घेऊन ईशान्येच्या नालीवर जातात.

नाली पंचायतीने खोदलेली आहे. ती ईशान्येला आहे, कारण सगळ्या गावाचा उतार तिकडे आहे.