पासपोर्टची झेरॉक्स

रेहेमा सानपाडा गावात राहायला आली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात. टांझानियातल्या मोरोगोरो नावाच्या शहराची, वय एकतीस. तिकडच्या सरकारी दवाखान्यात ती फिजिओथेरपीचं काम करायची आणि भाजलेल्या रुग्णांवरच्या उपचारांचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायला नेरूळच्या एका हॉस्पिटलात आली होती. हॉस्टेल भरलेलं होतं. भाड्याची खोली शोधताना चार सोसायट्यांनी फोनवर हो म्हटलं आणि तिला समोर बघितल्यावर नाही म्हटलं.

तिला राजाबाईंकडे आणलं ते तिच्याच विभागातल्या संघमित्राने. संघमित्रा स्वतः लग्नाआधी चार वर्षं राजाबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहिली होती. तीच खोली रेहेमाला मिळाली. राजाबाई साठीच्या. शेतं नवी मुंबई वसवताना सिडकोने घेतली, नवरा लवकर गेला, पुढे वाशीच्या दाणाबाजारात धान्य निवडून त्यांनी दिवस काढले आणि गावठाणातल्या जागेवर हे तीन मजली घर उभं केलं. दाणाबाजारातल्या कच्छी शेठ लोकांमुळे त्यांना मोडकंतोडकं गुजराती यायचं. रेहेमाची आई मोरोगोरोमध्ये एका गुजराती दुकानदाराकडे कामाला होती, म्हणून तिलाही तितपतच यायचं. दोघींची भाषा अशी जुळेल हे कोणाला वाटलं नव्हतं. थोडं गुजराती, थोडं हिंदी, आणि महिन्याभरात रेहेमाला कळायला लागलेलं राजाबाईंचं आगरी.

पहिल्याच संध्याकाळी राजाबाईंनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. "केस बांधून जात जा. रिक्षात बसायच्या आदी नंबर बघ. रस्त्यानं कोन हसला तर आपुन हसायचं नाय. आनि काय झालंच, तर मदत मदत वरडू नको. माझं नाव घेऊन वरड. मदतीला कोन येत नाय, नावाला अख्खा गाव येतो."

रेहेमाने ते सगळं एखाद्या कामाच्या सूचनांसारखं ऐकून घेतलं. तिचे स्वतःचे नियम होतेच. दाराच्या फटीत बसवायची रबरी पाचर तिने घरून आणली होती. कुठेही निघाली की ती संघमित्राला मेसेज करायची.

परदेशी माणूस घरी ठेवला की पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं. राजाबाईंना मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही जमत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रीतमला बोलावलं. प्रीतम त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा, शेजारच्याच घरात राहणारा. तिशीचा, स्टेशनजवळ त्याचं इस्टेट एजंटचं ऑफिस. लहानपणी तो आईपेक्षा मोठ्या आईकडेच जास्त जेवायचा. राजाबाईंनी रेहेमाच्या पासपोर्टची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्याने ती टेबलावरच्या निळ्या फुलांच्या प्लास्टिकवर ठेवून मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, तिथेच बसून फॉर्म भरला आणि म्हणाला, "झालं मोठी आई, टेन्शन नको घेऊस."

दुसऱ्या आठवड्यात स्टेशनबाहेर पांढऱ्या स्कूटरवरचा एक माणूस तिच्या बाजूने हळूहळू चालवत आला आणि म्हणाला, "कितना?" तिला वाटलं तो वेळ विचारतोय. तिने घड्याळ बघून साडेपाच सांगितले. तो हसला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात संघमित्राने तिला सांगितलं, तो तिचा भाव विचारत होता.

तो माणूस त्यानंतर तीनदा दिसला. रेहेमाने राजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लक्ष नको देऊ. वाट बदल." तिने वाट बदलली. स्टेशनवरून सरळ गावात येण्याऐवजी ती सेक्टरातल्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायची, पंधरा मिनिटं जास्त चालून. केस बांधलेले असायचे. उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. राजाबाईंनी सांगितलेली एकही गोष्ट तिने सोडली नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी तिची सुट्टी दुपारी एकला झाली. राजाबाई दर शनिवारी गुडघ्यांसाठी जुईनगरच्या डॉक्टरांकडे जायच्या. रेहेमाने वर येऊन हातपाय धुतले, भात लावला आणि एवढ्यात बेल वाजली.

तिने आतलं लाकडी दार साखळीपुरतं उघडलं. बाहेर लोखंडी जाळीचं दार बंद होतं. पलीकडे दोन माणसं उभी होती. एकाने खाकी पँट घातली होती, वर साधा शर्ट.

"पुलिस. व्हेरिफिकेशन," तो हिंदीत म्हणाला. "दरवाजा खोलो."

रेहेमाने कार्ड मागितलं. त्याने पाकीट उघडून लगेच मिटलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि तिचं नाव वाचलं. तिचं मधलं नाव, जे तिने इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. आडनाव. जन्मतारीख. पासपोर्टचा नंबर, एकेक आकडा.

तिने नंतर पोलिसांना सांगितलं की त्या क्षणी तिचा हात साखळीकडे गेला होता. नंबर बरोबर होता. पोलिसांशिवाय तो कोणाकडे असणार? परक्या देशात पोलिसांना दार न उघडणं हाही गुन्हा असू शकतो, असं तिच्या मनात आलं.

"पासपोर्ट लेके नीचे चलो," तो म्हणाला. "गाडी है. दस मिनट का काम."

"बाईपोलीस कुठे आहे?" तिने विचारलं.

"स्टेशन में है."

"मग मी तिच्याशी फोनवर बोलते."

त्याने मागे वळून बघितलं. मागे जिन्यावर उभा असलेला दुसरा माणूस तेव्हा थोडा पुढे सरकला आणि रेहेमाला त्याचा चेहरा दिसला. स्टेशनबाहेरचा, पांढऱ्या स्कूटरवरचा.

तिने दार लोटलं, कडी घातली, रबरी पाचर खाली सारली आणि पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला. पत्ता सांगून झाल्यावर तिने दुसरा फोन संघमित्राला लावला. तिचा आवाज स्थिर होता, असं नंतर संघमित्राने सांगितलं. संघमित्राने तो फोन पुढची चाळीस मिनिटं तोडला नाही. बाहेर जाळीचं दार जोरजोरात हलवलं जात होतं. खाकी पँटवाला आता दबक्या आवाजात बोलत होता. राजाबाई घरी नाहीत हे आम्हाला माहीत आहे, उगाच तमाशा करू नकोस, असं.

रेहेमा खिडकीकडे गेली. खाली गल्लीत तीन-चार बायका ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या. तिने खिडकीच्या गजांना धरून जीव खाऊन आवाज दिला, "राजाबाई! राजाबाईच्या घरात चोर! राजाबाई!"

बायकांनी वर बघितलं. एकीने हातातली कोलंबी टाकली. मग त्या जिन्याने वर आल्या, पदर खोचत, ओल्या हातांनी, एकीच्या मागे एक. ती दोन माणसं त्यांना ढकलून खाली पळाली. सगळ्यांत म्हातारी होती ती पायरीवर पडली आणि तिच्या कोपराला लागलं. दुसरीच्या सुनेने खालून स्कूटरच्या नंबरचा फोटो काढला.

राजाबाई आल्या तेव्हा पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली होती आणि त्यांचा जिना माणसांनी भरला होता. रेहेमा खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. भात करपल्याचा वास येत होता. राजाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या तिच्याजवळ बसल्या. राजाबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर धरून ठेवले.

आलेल्या फौजदार बाईंनी चौकशी करून दोघींना पोलीस स्टेशनला यायला सांगितलं. रेहेमा कपडे बदलायला उठली, तिने दार लावून घेतलं आणि मग राजाबाईंना म्हणाली, "त्याच्या मोबाइलमध्ये माझा पासपोर्ट होता. फोटो. मी बघितला. कोपऱ्यात तुमचं टेबल दिसत होतं, निळ्या फुलांचं प्लास्टिक."

राजाबाईंनी वळून दाराची कडी नीट लागली आहे का बघितलं.

"हॉस्पिटलात त्यांनी स्कॅन केला, मशीनवर," रेहेमा म्हणाली. "टेबलावर तो कागद फक्त इथे ठेवला होता. प्रीतमने." मग ती म्हणाली, "मी तीन आठवड्यांनी जाणार. तुम्हाला इथे राहायचं आहे. तुम्ही सांगाल तर मी त्याचं नाव नाही घेणार. मला माहीत नाही म्हणेन."

राजाबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर प्रीतमच्या घराची गच्ची दिसत होती, दोरीवर त्याचे शर्ट वाळत होते. या पोरीला त्यांनी केस बांधायला सांगितलं, वाट बदलायला सांगितलं, हसू नको सांगितलं. प्रीतमला त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. त्याला काही सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या हातात त्यांनीच तो कागद दिला होता.

"चल," त्या म्हणाल्या. "नाव मी सांगते. तू नको सांगू. माझ्या घरातला मानूस हाय तो."

पोलीस स्टेशनात फौजदार बाईंनी जबाब लिहून घेतला. कागद कोणाकोणाकडे होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा राजाबाईंनी नाव सांगितलं, नातं सांगितलं आणि घराचा पत्ताही. बाईंनी पेन थांबवून त्यांच्याकडे बघितलं. "आजी, विचार करून सांगताय ना?"

"विचार झाला," राजाबाई म्हणाल्या. जबाबाखाली त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

प्रीतमला त्याच संध्याकाळी बोलावून नेलं. त्याने फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. मोठ्या आईकडे कोण राहायला आलंय बघा, असं वर लिहिलं होतं. खाली बरीच चेष्टा चालली होती. पांढऱ्या स्कूटरवाला त्याच ग्रुपमध्ये होता. शुक्रवारी त्याने विचारलं, ती घरी कधी असते? प्रीतमने लिहिलं होतं, शनिवारी दुपारी, आमची म्हातारी डॉक्टरकडे जाते तेव्हा. पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. पुढे काय होईल याची कल्पना नव्हती असं तो शपथेवर सांगत होता, आणि ते कदाचित खरंही असेल. स्कूटरवाला आणि त्याचा साथीदार दोन दिवसांत सापडले.

रविवारी सकाळी प्रीतमची आई शालन राजाबाईंकडे आली. त्या दोघी जावा एकाच दिवशी या गावात लग्न करून आल्या होत्या, एकाच मांडवात. शालन आत आली नाही. उंबऱ्यापलीकडे उभी राहिली.

"बाय, माज्या पोराला पोलिसात दिलास."

"त्यानं केलं ते सांगितलं."

"काय केलं त्यानं? फोटो पाठवला. आजकाल सगली पाठवतात. मस्करी केली. त्या कोनाच्या कोन बाईसाठी तू घरातला पोरगा दिलास?"

"आत ये, शालन."

"मी नाय येत."

"माझ्या दाराशी आले ते," राजाबाई म्हणाल्या. "ती दार उघडती तर? आज तू काय बोलली असतीस? मी काय बोलली असती?"

शालन वळली आणि जिना उतरून गेली. जाताना तिने कठडा धरला होता. तिचेही गुडघे दुखायचे.

रेहेमा त्याच आठवड्यात नेरूळला संघमित्राकडे राहायला गेली. बॅग भरताना तिने राजाबाईंना समोर बसवलं, जसं त्यांनी तिला पहिल्या दिवशी बसवलं होतं. "तुमच्यामुळे नाही," ती म्हणाली. "जिन्यावर कोणाचा पाय वाजला की माझा श्वास थांबतो. रात्रभर मी ऐकत राहते."

राजाबाई म्हणाल्या, "जा तू. मला पन झोप लागत नाय."

प्रशिक्षण तिने पूर्ण केलं. सगळं सोडून परत यावं असं तिच्या आईने फोनवर कितीदा सांगितलं, पण ती राहिली. शेवटच्या रविवारी ती जेवायला आली. राजाबाईंनी वाकटी माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना ती मोरोगोरोच्या डोंगराबद्दल बोलली, तिच्या एका पेशंट मुलीबद्दल बोलली जिचे भाजलेले हात आता वर जायला लागले होते. त्या शनिवारबद्दल दोघी बोलल्या नाहीत. निघताना गल्लीतल्या बायकांनी तिला थांबवलं. जिन्यात पडलेल्या म्हातारीने आपलं कोपर दाखवलं, रेहेमाने ते हातात घेऊन हलवून बघितलं आणि रोज कसं वाकवायचं ते तिला शिकवलं.

केस अजून चालू आहे. राजाबाईंना दोनदा बेलापूरच्या कोर्टात जावं लागलं. पहिल्यांदा तारीख पडली. दुसऱ्यांदा त्या बाकावर बसल्या होत्या तेव्हा जामिनावर सुटलेला प्रीतम समोरून आला. तो बारीक झाला होता. बाकासमोर थांबला आणि म्हणाला, "मोठी आई, गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच," त्या म्हणाल्या.

त्याला आणखी काही बोलायचं होतं. राजाबाईंनी पिशवी बाजूला सरकवली आणि बाकावर जागा केली, पण तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला आणि त्या साक्ष द्यायला उठल्या.