बेटावर फ्लू कुठून येणार

रोद्याच्या पापण्या सुजल्यात हे सोमवारी सकाळी माझ्या लक्षात आलं, आणि पहिला संशय आला तो स्पिरिटचा.

यंत्रांवरचा बर्फ पुसायला आम्हाला स्पिरिट मिळतं. मोठ्या काचेच्या बरणीत ते माझ्या टेबलाखाली असतं, कारण बेटावरची हवामानाची नोंद माझ्याकडे आहे. रोद्या, माझा नवरा, वायरलेस बघतो. नोव्हेंबरात सूर्य गेला तेव्हा एकदा त्यानं बरणी हलकी केली होती. पुन्हा हात लावणार नाही असं त्यानं उस्त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. उस्त्या म्हणजे आमची मुलगी, साडेतीन वर्षांची.

त्या दिवशी मी बरणीच्या कागदावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली. मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. स्पिरिट रेघेलाच होतं. रोद्याचं तोंड मात्र बुधवारी असं सुजलं की डोळ्यांच्या जागी दोन चिरा राहिल्या. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबला आणि पिंढऱ्या दाबत बसला.

काय होतंय विचारलं तर म्हणाला, वारा लागला.

वारा मलाही लागतो. दर तीन तासांनी थर्मामीटर वाचायला मीच बाहेर जाते.

जेवायला बसलो तेव्हा स्टेशनप्रमुख प्रोखोर साव्हेलिच दिव्याकडे पाठ करून बसले. एरवी ती जागा फादेय मेकॅनिकची. फादेय जेवायलाच आला नव्हता. मी मुद्दाम भाकरीची थाळी घेऊन टेबलाला वळसा घालून गेले आणि खाली वाकून पाहिलं. प्रमुखांच्याही पापण्या फुगलेल्या होत्या, अगदी रोद्यासारख्या.

"काय बघतेस पोरी?" ते म्हणाले. "सोयरीक जमवायचीय का?"

रोद्या हसला. हसताना त्यानं गाल धरला, दुखल्यासारखा.

संध्याकाळी तारांची वही चाळली. बेटावरून बाहेर जाणारी प्रत्येक तार आधी त्या वहीत लिहिली जाते, खाली प्रमुखांची सही होते, मगच रोद्या ती पाठवतो. सहीशिवाय शुभेच्छासुद्धा जात नाहीत. फक्त माझे हवामानाचे आकडे थेट जातात. दर तीन तासांनी कोण सही करत बसणार? वहीत दुपारची तार होती: तिघांना फ्लू. काम चालू. मदतीची गरज नाही.

ती मी दोनदा वाचली. बेटावर फ्लू कुठून येणार? शेवटचं जहाज सप्टेंबरात गेलं. ते गेल्यावर आठवडाभर आम्ही सगळेच शिंकलो. ती खलाशांची सर्दी होती. त्यानंतर सहा महिने इथं कुणी नाक पुसलं नाही. इथं हिवाळा काढणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं: सर्दी आणायला माणूस यावा लागतो. प्रमुखांचे तर एकोणीस हिवाळे झालेत. ही तार लिहिताना ते हे विसरले असतील, हे काही मला पटेना.

आणि फ्लू असेल तर मला कसा नाही? उस्त्याला कसा नाही? आम्ही एकाच खोलीत झोपतो, ती बापाच्या चमच्यानं खाते.

म्हणजे त्या तिघांनी असं काहीतरी खाल्लं होतं जे आम्ही दोघींनी खाल्लं नव्हतं.

बेटावर कोण काय खातं ते मोजणं अवघड नाही. पीठ, बटाट्याची भुकटी, डबाबंद गाजर, आणि फेब्रुवारीपासून हरणाचं मांस. फादेयनं बेटाच्या पलीकडच्या टोकाला हरीण मारलं असं मला सांगितलं होतं. तो साफ केलेले तुकडे आणून द्यायचा, शिजवत मी होते, आणि मी प्रत्येक गोष्ट दोन तास शिजवते. झिनाच्या हातचं मांस बिनदातांच्या म्हाताऱ्यालाही चालेल, असं फादेय चिडवायचा. पण तेवीस फेब्रुवारीला, सैन्यदिनाला, पुरुषांनी इंजिनघरात आपली बैठक केली होती. बायकांना तिथं काम नसतं. गोठलेल्या मांसाचे सुरीनं पातळ काप काढायचे, मिठात-मिरीत बुडवायचे आणि वितळायच्या आत तोंडात टाकायचे. माशाचे असे काप आम्ही सगळेच खातो. हरणाचेही खातो.

गुरुवारी थर्मामीटर वाचून परत येताना मी कोठीत शिरले. मांस ताडपत्रीखाली होतं. बॅटरीच्या उजेडात ते काळपट दिसत होतं आणि त्यावर बोटभर जाड पिवळी चरबी होती. हिवाळ्याअखेरीस हरणाच्या अंगावर चरबी? बिचारी शेवाळ खरवडून जगतात. शिवाय खूर कुठं होते? शिंगं कुठं होती? हरीण मारलं की खूर कुत्र्यांना मिळतात, आठवडाभर दारात त्यांची भांडणं चालतात. यंदा कुत्री गप्प होती.

मग मी कोळशाची पोती हलवली. तिसऱ्या रांगेमागं कातड्याची वळकटी होती, माझ्या कमरेइतकी जाड. एक टोक उलटून पाहिलं. आत पांढरे केस होते.

मी तिथंच पोत्यावर टेकले. इकडं यायच्या आधी आम्हाला तीन दिवस व्याख्यानं ऐकवली होती, आणि बाकीचे पेंगत असताना मी सगळं उतरवून घेतलं होतं. अस्वलाच्या मांसात डोळ्याला न दिसणारे जंत असतात. खाल्ल्यावर ते पोटातून रक्तात, रक्तातून स्नायूंत जातात. पापण्या सुजतात, ताप येतो, हातपाय उचलत नाहीत. कधी काळजाच्या स्नायूला लागतं, मग माणूस वाचत नाही. आणि उत्तरेतले जंत थंडीनं मरत नाहीत. माशातले मरतात. म्हणून जुने लोक फसतात. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

फादेय सगळ्यात कच्चा दुवा, म्हणून आधी त्याच्याकडे गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता, सूप मी पाजलं. चौथ्या चमच्याला मी सहज विचारावं तसं विचारलं, अस्वल कुठं मारलं?

"दाराशी आलं होतं," तो पटकन म्हणाला. मग डोळे मिटून म्हणाला, "असं सांगायचं ठरलंय."

बेटावर अस्वल मारायला बंदी आहे. जीव वाचवायला मारलंच तर कळवावं लागतं, कातडं सरकारजमा करावं लागतं. त्यांना कातडं ठेवायचं होतं. मला का सांगितलं नाही, तर मी सगळं लिहून ठेवते म्हणून. तिघांचं तसं एकमत झालं होतं. तिघांत माझा नवरा होता.

रोद्या अंथरुणात होता, ताप एकोणचाळीसवर. उस्त्या त्याच्या पायाशी बसून बटणं ओवत होती. तिला मी बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं, दार लावलं.

"उस्त्याला दिलंस का ते?"

"काय?"

"इंजिनघरात. तेवीस तारखेला. मी थर्मामीटर वाचायला बाहेर गेले होते, ती तुझ्याकडे होती."

"नाही."

तो लगेच म्हणाला. रोद्याला ताप असताना चहा हवा का विचारलं तरी उत्तर यायला वेळ लागत होता.

"माझ्याकडे बघून सांग."

"दिसत नाहीये मला नीट, झिना. नाही दिलं. मिठाचं बोट चाटवलं असेल."

प्रोखोर साव्हेलिच त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, बूट काढायलाही त्यांना वाकता येत नव्हतं. मी सांगितलं की मला सगळं कळलंय, आता डॉक्टरला खरी तार जाऊ द्या. ते म्हणाले की उन्हाळ्यात त्यांना पेन्शन लागणार, हा शेवटचा हिवाळा, आणि खटला झाला तर एकोणीस वर्षांवर पाणी. चार-पाच दिवसांत सूज उतरेल. पन्नासच्या थंडीत कुठला जंत जगतो?

"हे जगतात," मी म्हणाले. "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"तुझ्याकडे लिहिलेलं असणारच, कॉलेजवाल्या बाई." ओठ निळे पडले होते त्यांचे. "सही मी करणार नाही. आणि सहीशिवाय तार जात नाही, ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. काय जातं तेही माहीत होतं.

सहाच्या वेळेला मी बाहेर जाऊन आले, उणे एकतीस, वारा ईशान्येचा. रोद्या पडल्यापासून आकडे मीच पाठवत होते, संथ, शाळेतल्या मुलीसारखे. वायरलेसच्या खोलीची कडी आतून लावली. आकडे संपले आणि मोर्सच्या किल्लीवरून बोट न उचलता मी पुढं शब्द पाठवायला लागले. फ्लू नाही. कच्चं अस्वल. तिघे. सूज, ताप, स्नायू. एकवीस दिवस झाले. डॉक्टर हवा.

दारावर थाप पडली. मी थांबले नाही. रोद्या होता. दारापलीकडून त्याला प्रत्येक टकटक वाचता येत होती. कडी काढ म्हणेल असं वाटलं. वायरलेसला वीज देणारं इंजिन बंद करायला तो कुणाला हाक मारतोय का तेही ऐकत राहिले. पण त्याचं अंग दाराला घासत खाली गेलं, तो तिथंच बसला.

पलीकडून आलं: जागेवर थांबा. वीस मिनिटांनी डॉक्टरचे प्रश्न सुरू झाले. छातीत धडधड कुणाला? लघवी किती? शेवटी: मूल आहे ना? त्यानं खाल्लं का?

मी कळवलं: बाप नाही म्हणतो.

डॉक्टरनं विचारलं: आई काय म्हणते?

मी यंत्र बंद केलं.

दोन दिवस वारा पडेना. त्या दोन दिवसांत प्रमुख माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि रोद्याशी मी. शनिवारी उजेडात विमान आलं. उतरायला पट्टी नव्हती, बर्फाला भेगा होत्या, म्हणून दोन घिरट्या घालून त्यांनी पोतं टाकलं. ते मी एकटीनं घसरगाडीवरून ओढून आणलं. आत गोळ्या होत्या आणि डॉक्टरनं हातानं लिहिलेली चिठ्ठी. तिघांचे डोस होते. खाली वेगळी ओळ: मुलीच्या गोळ्या निळ्या पुडीत. तिनं खाल्लं असेल तरच द्या, आणि मग आजच, सूज यायची वाट पाहू नका. वजनाप्रमाणे द्या. एवढ्या लहान मुलाला ही औषधं जड जातात. भीतीपोटी देऊ नका.

प्रमुखांनी गोळ्या मुकाट्यानं घेतल्या. माझी तार वरपर्यंत पोचली असणार, हे त्यांनाही कळलं होतं. फादेयला मी चुरून दिल्या. मग निळी पुडी घेऊन रोद्याच्या खाटेवर बसले आणि चिठ्ठी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"तू म्हणालास दिलं नाही," मी म्हणाले. "तेच खरं असेल तर मी ही पुडी स्टोव्हमध्ये टाकते. उगाच दिली तर तिचं नुकसान. बोल."

उस्त्या दारात उभी होती. तिच्या पापण्या मी सकाळपासून अकरा वेळा पाहिल्या होत्या. उजवी किंचित जड वाटायची, मग वाटायचं झोपेची असेल.

यावेळी रोद्याला वेळ लागला. त्यानं पांघरुणाच्या कडेची घडी घातली, उलगडली.

"दोन काप," तो म्हणाला. "मागितले तिनं. सगळे हसत होते. मीही हसत होतो."

"दोनच?"

"तीन असतील."

"आणि मला नाही म्हणालास."

"मला वाटलं, नाही म्हटलं की नसेलच झालेलं."

मी ओरडले नाही. ओरडायला नंतर वेळ होता. आधी वजन हवं होतं. बेटावर माणसांचा काटा नाही, पिठाच्या पोत्यांचा टांगता काटा आहे, कोठीच्या दाराशी. उस्त्याला शालीत बांधलं, शालीची गाठ आकड्याला अडकवली. तिला झोका वाटला, ती पाय हलवून खिदळायला लागली. रोद्या भिंत धरत मागून आला होता. उस्त्या हलू नये म्हणून मी तिला हळूच थोपवत होते, माझी पाठ काट्याकडे होती. त्यानं डोळ्यांच्या चिरा आणखी बारीक करून आकडा वाचला.

"साडेचौदा," तो म्हणाला.

मी उस्त्यावरचा हात काढला, वळसा घालून त्याच्या बाजूला आले, त्याला सरायला सांगितलं आणि सुई थांबेपर्यंत उभी राहून आकडा स्वतः वाचला.